मूल घडते कसे? वर्तन-प्रणालीच्या दृष्टिकोनावर एक वादसंवाद

बालविकासाचा वर्तन-प्रणाली दृष्टिकोन दोन विचारधारांच्या मेळातून तयार झाला. पहिली धारा वर्तनविश्लेषणाची. विकास म्हणजे मूल आणि त्याची परिस्थिती यांच्यातल्या देवघेवीत क्रमाक्रमाने होणारे बदल, असे सिडनी बिजू आणि डोनाल्ड बेअर यांनी १९६१ मध्ये मांडले. दुसरी धारा गतिशील प्रणालींची. अनेक घटक एकत्र आले की त्यांतून नवी रचना उभी राहते आणि तिचा आराखडा आधीपासून कुठे लिहून ठेवलेला असावा लागत नाही, हे तिचे सूत्र. गॅरी नोव्हाक आणि मार्था पेलाएझ यांच्या २००४ च्या पाठ्यपुस्तकात या दोहोंची सांगड घातलेली आहे. या मांडणीचा पुरस्कर्ता आणि तिच्याकडे साशंकतेने पाहणारा आक्षेपक यांच्यातला वाद पुढीलप्रमाणे चालतो.

पुरस्कर्ता: मुलांविषयी बोलताना आपल्याकडे दोन म्हणी हाताशी असतात. ‘खाण तशी माती’ म्हणणारा सारे काही अनुवंशावर सोपवतो आणि ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ म्हणणारा संगतीवर. वर्तन-प्रणालीचा दृष्टिकोन ही वाटणीच नाकारतो. कोणतेही कौशल्य पाच गोष्टींच्या एकत्र येण्यातून उद्भवते: मुलाची आनुवंशिक आणि शारीरिक घडण, आजवरच्या देवघेवीचा इतिहास, शरीराची त्या वेळची अवस्था, परिस्थितीची त्या वेळची मांडणी आणि चालू वर्तनाची स्वतःची गती. नवजात बाळाचे उदाहरण घ्या. त्याला काखांत धरून उभे केले आणि तळवे टेकवले की ते आळीपाळीने पाय उचलते. दोन महिन्यांच्या सुमारास हे थांबते आणि पुष्कळ महिन्यांनी चालण्याच्या रूपात परत दिसते. मेंदूचा वरचा थर पक्व होऊन ही प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो, असे पूर्वी शिकवले जाई. ईस्थर थेलेन यांना यात एक विसंगती दिसली. पाठीवर निजलेले तेच बाळ पाय झाडते तेव्हा हालचालीची घडण जवळपास तीच असते आणि ती थांबत नाही. मेंदू फक्त उभ्या बाळाचीच क्रिया कशी दाबेल? थेलेन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरले, तेव्हा पाय हलके झाले आणि पावले वाढली. पायांना छोटी वजने बांधली, तेव्हा पावले कमी झाली. पहिल्या महिन्यांत पायांवर चरबी झपाट्याने चढते आणि स्नायूंचे बळ मागे पडते. पाऊल मेंदूतून पुसले गेलेले नव्हते, पायच जड झाले होते.

आक्षेपक: प्रयोग सुरेख आहे, पण त्याने सिद्ध काय होते ते नीट पाहिले पाहिजे. पाण्यात पाय हलका होतो हे भौतिकशास्त्र आहे. त्यात वर्तनवाद्यांचे लाडके प्रबलन कुठे आले? बाळाला पाऊल उचलल्याबद्दल कोणी काही दिलेले नव्हते. थेलेन यांचे काम प्रणालीची बाजू भक्कम करते आणि तिच्या आडून वर्तनवाद परत आत येतो. त्याचा पूर्वेतिहास विसरता येत नाही. जॉन वॉटसन यांनी १९२० च्या दशकात कोणत्याही निरोगी बाळाला पाहिजे त्या धंद्याचा माणूस बनवून दाखवण्याची भाषा केली आणि १९२८ मध्ये आईबापांना मुलांचे फार मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका असा सल्ला दिला. बिजू आणि बेअर यांची भाषा सौम्य असली तरी घराणे तेच. तेव्हा परिणामांवरून वर्तन बदलते हा दावा प्रणालीच्या पदराआड न ठेवता स्वतंत्रपणे सिद्ध झाला पाहिजे.

पुरस्कर्ता: तो दावा असा. ज्या परिणामामुळे वर्तन पुन्हा होण्याची शक्यता वाढते तो परिणाम म्हणजे प्रबलन. मिठाई किंवा शाबासकी हे त्याचे दोन प्रकार, तेही फार महत्त्वाचे नव्हेत. कॅरोलिन रोव्ही-कोलिअर यांनी दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या घोट्याला रेशमी फीत बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावरच्या खेळण्याला जोडले. पाय हलला की खेळणे हलते हे ध्यानात येताच बाळे झपाट्याने पाय झाडू लागली. कोणीही बक्षीस दिले नव्हते. जगात आपल्यामुळे काही घडते, एवढेच पुरले. बोलण्याच्या बाबतीतही असाच पुरावा आहे. मायकेल गोल्डस्टाइन, अँड्र्यू किंग आणि मेरेडिथ वेस्ट यांनी २००३ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना सांगितले की बाळाने आवाज काढताच हसा, जवळ सरका, स्पर्श करा. दुसऱ्या गटातल्या आयांनी तितकेच हसायचे आणि तितकाच स्पर्श करायचा, पण बाळाच्या आवाजाशी त्याची वेळ जुळवायची नाही. पहिल्या गटातल्या बाळांचे आवाज त्याच बैठकीत अधिक शब्दासारखे झाले, दुसऱ्यांचे झाले नाहीत. प्रेम दोन्हीकडे सारखे होते, फरक वेळेचा होता. वेस्ट आणि किंग यांनी याआधी काऊबर्ड पक्ष्यांत असेच पाहिले होते. मादी गात नाही, पण नराच्या गाण्यातला तिला भावणारा भाग आला की ती पंख किंचित हलवते आणि नर तो भाग पुन्हा गातो.

आक्षेपक: या प्रयोगांनी परिणामांच्या जोरावर बाळाचे वर्तन बदलता येते हे दाखवले. घराघरांत ते खरोखर त्याच कारणाने बदलते, हे दाखवले नाही. दोन्हींत फार अंतर आहे. एखादे रोप दिव्याच्या प्रकाशात वाढवता आले म्हणून शेतातली रोपे दिव्यावर वाढतात असे होत नाही. प्रयोगशाळेत आईच्या कानाला यंत्र लावून क्षणाक्षणाला सूचना दिल्या जातात. घरात आई भाजी चिरते, फोनवर बोलते, मोठ्या मुलाचा डबा भरते. तिथे प्रतिसादाची वेळ कोण जुळवणार? तरीही मुले बोलू लागतात आणि चालू लागतात. प्रयोगशाळेबाहेर, ठरवून काही न केलेल्या जागी हे तत्त्व काम करताना दिसले तरच त्याला विकासाचे स्पष्टीकरण म्हणता येईल. तोवर ते प्रशिक्षणाचे तंत्र आहे.

पुरस्कर्ता: मग घरातलाच पुरावा पाहू. चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये केनियातल्या किप्सिगिस समाजाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. तिथल्या आया बाळांना बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. त्यांची बाळे बसण्या-चालण्यात अमेरिकी बाळांच्या पुढे होती, पण जे कोणी शिकवत नाही त्यात पुढे नव्हती. सगळी परिपक्वता जन्मजात वेगाने होत असती तर ही बाळे सगळ्याच बाबतींत पुढे दिसली असती.

दुसरे उदाहरण कोणत्याही किराणा दुकानात सापडेल. तीन वर्षांचे मूल बरणीतले चॉकलेट मागते. आई ‘आज नाही’ म्हणून यादी वाचत राहते. मूल रडते. रडणे चढत जाते, मूल फरशीवर लोळण घेते, मागचे गिऱ्हाईक वळून बघते, दुकानदार ‘द्या हो वहिनी, पोरच आहे’ म्हणतो. आई चॉकलेट हातात ठेवते आणि रडणे तिथल्या तिथे थांबते. या दोन मिनिटांत दोघेही शिकले. नुसत्या रडण्याने भागत नाही, लोळावे लागते, हे मुलाला कळले आणि देऊन टाकले की त्रास थांबतो, हे आईला. पहिल्याला धन प्रबलन म्हणतात, दुसऱ्याला ऋण प्रबलन. पुढच्या खेपेला आई दोनदा ठाम राहून तिसऱ्यांदा हरली तर हट्ट आणखी चिवट होतो, कारण कधीतरी मिळते एवढी आशा त्याला पुरते. जेराल्ड पॅटर्सन यांनी अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये घरोघरी बसून अशा फेऱ्यांची नोंद केली आणि १९८२ मध्ये सक्तीच्या फेऱ्याचा सिद्धान्त मांडला. पुढे त्यांनी आणि मॅरियन फोर्गाच यांनी एकटीने मुलगे वाढवणाऱ्या आयांना या फेऱ्यातून बाहेर पडायला शिकवले. आयांच्या वागण्यात झालेल्या बदलापाठोपाठ मुलांचे वागणेही सुधारले. इथे फेरा घरात आधी सापडला आणि तो तोडून मग तपासला गेला.

आक्षेपक: पॅटर्सन यांचे काम मान्य. पण चालण्याचा पुरावा दुधारी आहे. ताजिकिस्तानात बाळांना दिवसाचे कितीतरी तास गाहवोरा नावाच्या पाळण्यात हातपाय बांधून निजवतात. ती बाळे उशिरा बसतात आणि उशिरा चालतात. चार-पाच वर्षांची होईपर्यंत मात्र तो फरक उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांवरून आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा दिला. म्हणजे परिस्थिती तारीख मागेपुढे करते, पण पोचण्याचे ठिकाण बदलत नाही. ते ठिकाण ठरवणारे आत काहीतरी आहे.

भाषेच्या बाबतीत तर हे उघड दिसते. मराठी घरातले तीन वर्षांचे मूल ‘मी करलं’ म्हणते. ‘बसलं’, ‘पडलं’ वरून त्याने नियम काढला आणि तो ‘कर’ला लावला. हा शब्द त्याने मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला नसतो आणि त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिलेली नसते. रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन यांना १९७० मध्ये आढळले की आईबाप मुलाच्या बोलण्यातला खरेखोटेपणा पाहून होकार-नकार देतात, व्याकरण पाहून नाही. सर्वांत मोठा दाखला निकाराग्वाचा. १९७७ नंतर मानाग्वातल्या शाळेत कर्णबधिर मुले एकत्र आली आणि कोणत्याही मोठ्या माणसाने न शिकवता त्यांनी व्याकरणासकट एक नवी खूणभाषा उभी केली. तिथे प्रबलन देणाऱ्यालाच ती भाषा येत नव्हती.

पुरस्कर्ता: बी. एफ. स्किनर यांच्या १९५७ च्या पुस्तकावर नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये केलेल्या टीकेपासून हा आक्षेप चालत आला आहे आणि त्यात बळ आहे. पण प्रबलन म्हणजे शाबासकी हा समज त्यात गृहीत धरलेला असतो. भाषेतला खरा परिणाम म्हणजे दुसऱ्याला कळणे. ‘पाणी’ म्हटले आणि पाणी आले, यापेक्षा मोठे बक्षीस मुलाला नको असते. ‘मी करलं’ ऐकून आई रागावत नाही, ती म्हणते, ‘अरे वा, तू केलंस?’ मुलाचे वाक्य दुरुस्त होऊन त्याच्याकडे परत येते आणि संभाषण पुढे सरकते. ब्राऊन यांच्याच नोंदी अर्न्स्ट मोर्क यांनी पुन्हा चाळल्या तेव्हा त्यांना अशा दुरुस्त्या मुबलक सापडल्या. निकाराग्वाच्या मुलांकडे आणखी बारकाईने पाहायला हवे. शाळेत येण्यापूर्वी हीच मुले आपापल्या घरी एकटी होती. तिथे त्यांच्याकडे तुटपुंज्या घरगुती खुणा होत्या, पुरी भाषा नव्हती. भाषा उभी राहिली ती मुले जमल्यावर, एकमेकांना काही सांगण्याची गरज पडल्यावर, आणि नंतर आलेल्या लहान मुलांच्या तुकड्यांनी ती आणखी नेमकी केली. आराखडा प्रत्येकाच्या डोक्यात तयार असता तर त्याला शाळेची वाट का पाहावी लागली? मात्र ‘करलं’मधला नियम केवळ परिणामांच्या हिशेबातून पूर्ण उलगडतो असे म्हणणे आजच्या पुराव्यापलीकडे जाईल. तेवढी जागा मोकळीच ठेवली पाहिजे.

आक्षेपक: ही मोकळी जागा लहान नाही. माणसांची मुले जमली की भाषा उभी राहते, माकडांची पिल्ले जमली की राहत नाही. हा फरक पाचांपैकी पहिल्या घटकात टाकून दिला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. या दृष्टिकोनाची खरी अडचण इथेच आहे. अनुवंशाचा पुरावा आला तर पहिला घटक, अनुभवाचा आला तर दुसरा, भूक-झोपेचा आला तर तिसरा. कोणताही पुरावा ज्याला पचतो तो सिद्धान्त कोणत्या पुराव्याने खोटा ठरेल? आकड्यांच्या मोहाचेही उदाहरण देता येते. बेट्टी हार्ट आणि टॉड रिझ्ली हे वर्तनविश्लेषणाच्या परंपरेतले अभ्यासक. कॅन्सस सिटीतल्या ४२ कुटुंबांत त्यांनी अडीच वर्षे दरमहा तासभर ध्वनिमुद्रण केले. त्यावरून श्रीमंत आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानांवर पडणाऱ्या शब्दांत तीन कोटींची तफावत असल्याचे १९९५ पासून जगभर गाजले. सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबे त्यात फक्त सहा होती. पुढच्या अभ्यासांनी घरातल्या इतर माणसांचे बोलणेही मोजले, तेव्हा चित्र पुष्कळ बदलले.

वेळेचाही प्रश्न आहे. बुखारेस्टमध्ये अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांची बौद्धिक भरपाई नंतर घर मिळालेल्यांपेक्षा जास्त झाली. घर तेच, प्रेम तेच, तरी फळ वेगळे. यावरून आत एक घड्याळ असल्याचेच दिसते.

पुरस्कर्ता: पाच घटकांची यादी हा सिद्धान्त नव्हे, तो शोधाचा नकाशा आहे. खोटे ठरण्याची जोखीम प्रत्येक स्वतंत्र दाव्यात असते. जीन पियाजे यांनी दाखवले होते की आठ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणे एका जागी अनेकदा लपवून मग दुसऱ्या जागी लपवले तर ते पहिल्याच जागी हात घालते. पियाजे यांच्या मते वस्तूचे अस्तित्व स्वतंत्र आहे ही जाण अजून आलेली नसते. लिंडा स्मिथ, थेलेन आणि सहकाऱ्यांनी भाकीत केले की चूक हाताच्या सवयीची असेल तर शरीराची ठेवण बदलताच ती जाईल. खेळण्याची जागा बदलताना त्यांनी बाळाला बसल्याचे उभे केले आणि बाळाने बरोबर जागी हात घातला. ठेवण बदलूनही चूक राहिली असती तर दावा पडला असता. हार्ट आणि रिझ्ली यांच्या तीन कोटींच्या आकड्याला चिकटून राहण्याचे कारण नाही. तो थोड्या नमुन्यावरून काढलेला अंदाज होता.

वेळेबद्दल एक पर्यायी उत्तर आहे. जीझस रोझालेस-रुईझ आणि बेअर यांनी १९९७ मध्ये असे मांडले की काही वर्तने स्वतःपुरती राहत नाहीत. ती मुलाला अगदी नव्या परिस्थितीच्या दारात नेऊन सोडतात. रांगणे हे त्यातले एक. जोसेफ कॅम्पोस यांच्या अभ्यासांत त्याच वयाच्या बाळांपैकी जी रांगत होती तीच खोल कडेपाशी थबकत होती. धोक्याची जाण वयाबरोबर आपोआप येत नाही, हिंडण्याबरोबर येते. अनाथालयात दोन वर्षे काढलेल्या मुलाची अशी कितीतरी दारे उघडायची राहिलेली असतात आणि त्यांच्या पलीकडचे सगळेच अडते. बुखारेस्टचे निष्कर्ष आतल्या घड्याळाशी जुळतात तसेच साचलेल्या इतिहासाशीही जुळतात.

आक्षेपक: दोन्हींशी जुळतात हेच नोंदवून ठेवावे, कारण त्या वादाचा निकाल तो अभ्यास देत नाही. आता शास्त्राच्या पलीकडचा आक्षेप. परिणाम बदलून वर्तन बदलायचे तर कोणते वर्तन बदलायचे हे कोणीतरी ठरवतो, आणि तो मूल नसतो. रडण्याचेच पाहा. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये म्हटले की लवकर प्रतिसाद देणाऱ्या आयांची बाळे वर्षाअखेरीस कमी रडतात. जेकब गेवर्ट्झ आणि एलिझाबेथ बॉइड यांनी १९७७ मध्ये त्या विश्लेषणावर आक्षेप घेतला. पुढे गेवर्ट्झ आणि पेलाएझ यांनी प्रयोगाने दाखवले की आई निघताना बाळ जो आकांत करते तो आईच्या प्रतिसादानुसार वाढवता आणि कमी करता येतो. एका बाजूला रडणे म्हणजे जिव्हाळ्याची हाक, दुसऱ्या बाजूला कमी-जास्त करता येणारे वर्तन. रात्री दोनला बाळ उचलावे की नाही हे आईने कोणाला विचारायचे?

स्वमग्न मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये आठवड्याला ४० तासांच्या प्रशिक्षणानंतर १९ पैकी ९ मुले नेहमीच्या शाळेत, वयाला साजेशा बुद्ध्यंकासह पोचल्याचे सांगितले. त्या प्रशिक्षणात दरडावणे आणि मांडीवर चापट मारणेही होते. आज मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती विचारतात की हात फडफडवणे थांबवून नजरेला नजर द्यायला लावण्यात हित कोणाचे होते? मुलाचे, की बघणाऱ्यांच्या सोयीचे?

पुरस्कर्ता: गेवर्ट्झ आणि पेलाएझ यांच्या प्रयोगात आईने प्रतिसाद थांबवलेला नव्हता. एका टप्प्यात तिने आकांताला प्रतिसाद दिला, दुसऱ्या टप्प्यात बाळाच्या खेळण्याला आणि आवाजांना. त्यातून ‘बाळाला रडू द्या’ हा सल्ला निघत नाही. बाळ न रडता काही सांगत असते तेव्हाही आपण ऐकतो का, हा प्रश्न त्यातून निघतो. लोव्हास यांच्या पद्धतीतल्या शिक्षेचे समर्थन करण्याचे कारण नाही, आणि तशी शिक्षा या दृष्टिकोनाचा अटळ भागही नाही.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये वेगळी वाट दाखवली. विकासात अडथळे असलेली काही मुले वर्गात आदळआपट करत. कार आणि ड्युरँड यांनी आधी विचारले की या वागण्याने मुलाला मिळते काय? काहींची अवघड कामातून सुटका होत होती, काहींना मोठ्यांचे लक्ष मिळत होते. पहिल्यांना त्यांनी ‘मला समजत नाही’ असे सांगायला शिकवले, दुसऱ्यांना ‘माझे नीट चालले आहे का?’ असे विचारायला. आदळआपट कमी झाली, कारण मुलाला हवे होते ते आता बोलून मिळू लागले. इथे त्रासदायक वागणेही मुलाचे म्हणणे मानले गेले. बाकी आक्षेप मान्य करावाच लागतो. कोणत्या परिणामाने काय वाढेल हे हा दृष्टिकोन सांगतो, काय वाढावे हे सांगत नाही. ते त्याच्या पद्धतीत कुठेही लिहिलेले नाही आणि तसे भासवणारा अभ्यासक आपल्या आवडीला शास्त्राचा शिक्का मारतो.

आक्षेपक: मग मतभेद आता नेमका झाला. विकास नुसता आतून उमलतो असे म्हणायला थेलेन यांच्या प्रयोगानंतर जागा राहिली नाही, आणि मूल बाहेरून घडवले जाते असे म्हणायला निकाराग्वानंतर. उरलेले प्रश्न तीन. एक, वेगवेगळ्या वाटांनी मुले एकाच ठिकाणी का पोचतात? हा दृष्टिकोन वाटा छान दाखवतो, ठिकाणाच्या सारखेपणाबद्दल त्याच्याकडे बोलायला कमी आहे. दोन, प्रयोगात पुरेसे ठरलेले कारण रोजच्या आयुष्यातही खरे कारण असते का? हे प्रत्येक कौशल्यासाठी वेगळे तपासावे लागेल, कारण हट्टाबाबत ते खरे ठरले म्हणून व्याकरणाबाबत ठरेलच असे नाही. तीन, दुकानातली आई चॉकलेट देते तेव्हा तिच्या पाठीशी दिवसभराचे काम, रात्रीची अपुरी झोप आणि लोकांच्या नजरा असतात. प्रणाली म्हणायचे आणि सुधारणा फक्त आईच्या वागण्यात शोधायची, हे अर्धेच काम झाले.

पुरस्कर्ता: तिसरा प्रश्न या दृष्टिकोनाच्या तत्त्वात बसतो, पण व्यवहारात अनेकदा दुर्लक्षित राहतो, हे मान्य आहे. दुसऱ्याला एकच उत्तर आहे: पॅटर्सन यांच्यासारखे घरात जाऊन आधी पाहणे आणि मग बदलून पाहणे. पहिल्याबद्दल एवढेच म्हणता येईल की माणसांच्या मुलांची शरीरे सारखी, गुरुत्वाकर्षण सारखे आणि बोलणारी, उचलून घेणारी माणसे सर्वत्र असतात. तेव्हा ठिकाणाचा सारखेपणा मुलाच्या आतच असला पाहिजे असे नाही, तो मूल आणि जग यांच्या सारख्या भेटींतही असू शकतो. हे अनुमान आहे, निकाल नव्हे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर एवढे निश्चित म्हणता येते की ‘वय झाले की येईल’ आणि ‘वळण लावले की येईल’ ही दोन्ही उत्तरे मुलाकडे न पाहताच दिलेली असतात. मुलांविषयीचा कोणताही सल्ला, तो पुस्तकातला असो, दवाखान्यातला असो की शेजारचा, स्वीकारण्याआधी आईबापांनी तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणत्या मुलांवर पाहिले गेले, कोणती परिस्थिती बदलली तेव्हा फरक पडला, आणि जो फरक हवा आहे तो मुलाला हवा आहे की आपल्याला. पहिल्या दोन प्रश्नांसाठी शास्त्राकडे जाता येते. तिसऱ्याचे उत्तर मोठ्यांना स्वतःच द्यावे लागते.